आडव्या बाटलीचा शिक्का

मित्रांनो, मी फणसाच्या लाकडाचा पोळपाट आहे. वयाने जुना, तीन पायांचा आणि खरे सांगायचे तर पुरता गोलही नाही. सध्या माझा मुक्काम रुवैसला असतो. अबुधाबी शहरापासून बरेच पश्चिमेला, समुद्राच्या काठी वसलेले हे तेलाच्या कारखान्यांचे गाव. कंपनीच्या वसाहतीत दुसऱ्या मजल्यावर प्रज्ञाचे घर आहे आणि तिच्या ओट्यावर, गॅसच्या डाव्या अंगाला, माझी जागा आहे. खिडकीतून दूरवर एक उंच धुराडे दिसते. त्याच्या टोकाशी दिवसरात्र एक ज्योत जळत असते.

माझा जन्म मात्र कोकणातला. प्रज्ञाचे वडील सूर्यकांत मेस्त्री यांनी मला घडवले. मेस्त्रींच्या हाताला गुण होता. त्यांनी बसवलेले दार भर पावसाळ्यातही अडत नसे, असे गावात सांगत. पण पुढे त्यांना दारूचे व्यसन लागले आणि लोकांनी कामे देणे बंद केले. प्रज्ञाचे लग्न ठरले तेव्हा त्यांनी हट्ट धरला, की लेकीला स्वतःच्या हातचे काहीतरी द्यायचे. देवळाच्या कामातून उरलेली फळी त्यांनी जपून ठेवली होती. सकाळी उठले की त्यांचे हात थरथरत. थोडी पोटात गेली की थरथर थांबे आणि जास्त गेली की पुन्हा सुरू होई. मधला जो थोडासा वेळ मिळे, तेवढ्यात ते मला तासत. म्हणून माझी एक कड जराशी बसकी राहिली आहे. मला त्याचे वाईट वाटत नाही. मला घडवताना ते कोणावर ओरडले नाहीत, एवढे मला आठवते.

लग्नाला वर्ष होते न होते तोच मेस्त्री गेले. प्रज्ञाचा धाकटा भाऊ दौलत तेव्हा कॉलेजात होता. त्याने शिक्षण सोडले आणि गावाच्या तिठ्यावरच्या सरकारमान्य देशी दारूच्या दुकानात नोकरी धरली. पुढे ते दुकान तोच चालवू लागला. गंमत नव्हे, खरेच सांगतो, दौलतने आयुष्यात दारूचा थेंब चाखला नाही. आई ठकुबाईला त्याने कधी काही कमी पडू दिले नाही. प्रज्ञाचे बाळंतपण त्यानेच केले, आणि तिचा नवरा नीलेश नोकरीसाठी पुढे आखातात गेला तेव्हा माय-लेकीला त्यानेच सांभाळले.

नंतर प्रज्ञा लहानग्या शुभ्राला घेऊन रुवैसला आली आणि सामानात मीही आलो. सुरुवातीची वर्षे माझ्या कौतुकाची होती. नीलेश कारखान्यात इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन आहे. त्याच्याबरोबरचे एकटे राहणारे लोक शुक्रवारी जेवायला येत आणि म्हणत, "वहिनी, मेसच्या रोटीला अशी चव सात जन्मांत यायची नाही." शुभ्रा स्टुलावर उभी राहून माझ्यावर वेड्यावाकड्या चपात्या लाटायची आणि त्या खाण्याचा मान नीलेशला मिळायचा.

पुढे प्रज्ञाला नर्सरी शाळेत नोकरी लागली. फ्रीजरमध्ये तयार पराठ्यांची पाकिटे आली. मी ओट्यावरून खालच्या कपाटात गेलो, तांदळाच्या पोत्यामागे. बारा महिने एसीची कोरडी हवा. त्यात माझे लाकूड आकसले आणि एक पाय खाचेत सैल झाला. मला कोणी टाकून दिले नव्हते. माझी गरज पडत नव्हती, इतकेच.

मग गेल्या वर्षीची संक्रांत आली. गुळपोळ्या काही पाकिटात मिळत नाहीत. प्रज्ञाने मला बाहेर काढले, पुसले, आणि लाटण्याचा पहिला जोर दिला तोच माझा सैल पाय निखळला.

"अगं बाई," ती म्हणाली. "गावी गेलं की बसवून आणायला हवा." तिने घडी केलेले फडके माझ्याखाली सरकवले आणि लाटू लागली. तेवढ्यात फोन वाजला. हात पिठाचे होते, म्हणून तिने कोपराने तो स्पीकरवर टाकला.

फोन हलिमाचा होता. हलिमा प्रज्ञाची शाळेपासूनची मैत्रीण. ती गावात आशाताई म्हणून काम करते, घरोघर जाते, कोणाचे काय दुखते ते तिला ठाऊक असते.

"प्रज्ञा, दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी मीच सांगते," ती म्हणाली. "गावातल्या बायकांनी दारूदुकान बंद करायचा अर्ज दिलाय. साहेब लोक येऊन सह्या तपासून गेले. पुढच्या महिन्यात मतदान आहे. फक्त बायकांचं. उभी बाटली की आडवी बाटली."

प्रज्ञाचे लाटणे थांबले. "ते दुकान दौलत चालवतो, हलिमा."

"मला माहीत नाही होय? म्हणून तर फोन केला."

"मग मी येत नाही. मला ही बाजूही नको आणि ती बाजूही नको."

 हलिमा म्हणाली, "तसं राहता येत नाही गं. यादीत जेवढ्या बायकांची नावं आहेत, त्यातल्या निम्म्याहून जास्त बायकांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला तरच दुकान बंद होणार. आलेल्यांतल्या निम्म्या नाहीत, यादीतल्या. जी येणार नाही ती उभ्या बाटलीकडेच मोजली जाणार. तुझं नाव आपल्या यादीत आहे. तुला ये म्हणत नाही मी. पण घरी बसलीस म्हणजे बाजूला राहिलीस, असं समजू नकोस."

प्रज्ञाचे सासर आणि माहेर एकाच गावात, वाड्या तेवढ्या वेगळ्या. त्यामुळे लग्नानंतरही तिचे नाव त्याच यादीत राहिले होते. रुवैसला आल्यावर ते काढायचे कोणाला सुचले नव्हते.

शुभ्रा जेवणाच्या टेबलाशी अभ्यास करत होती. तिने विचारले, "मम्मा, व्हॉट्स आडवी बाटली?"

प्रज्ञाने समजावून सांगितले. कागदावर दोन चित्रे असतात. बाटली उभी असेल तर दुकान चालू राहू दे, आडवी असेल तर बंद होऊ दे. जे पटेल त्यावर शिक्का मारायचा.

"बट वी डोन्ट लिव्ह देअर," शुभ्रा म्हणाली.

प्रज्ञाने पुढची गुळपोळी लाटायला घेतली.

त्या दिवसापासून मी पुन्हा ओट्यावर आलो. का, ते मला नक्की सांगता येणार नाही. बहुधा विचार करताना प्रज्ञाला हाताला काम हवे होते. नर्सरीतून आली की ती कणीक मळायला घ्यायची. पाकिटे फ्रीजरमध्ये तशीच पडून राहिली.

नीलेश ड्युटीवरून आला की तोच विषय निघे. "हे बघ," तो एकदा म्हणाला, "गावात राहायचं त्यांना, निस्तरायचं त्यांना. आपण दोन वर्षांतून एकदा जाणार, मासे खाणार आणि परत येणार. आणि भाऊ एकच आहे तुला."

"म्हणजे जाऊ नको?"

"तसं मी म्हणणार नाही. हे मत तुझं आहे. पुरुषांना विचारलेलंच नाही यात." तो हात धुऊन जेवायला बसला. "पण जे करशील ते करून खलास. मग वर्षभर रडायचं नाही."

दौलतचा फोन दोन दिवसांनी आला. तो चिडलेला नव्हता. चिडला असता तर प्रज्ञाला सोपे गेले असते.

"ताई, तुला हलिमाने सगळं सांगितलंच असेल. माझं पण ऐक. बाबा माझ्या दुकानातली पीत होते का? ओढ्यापलीकडच्या भट्टीची पीत होते. त्यात काय घालतात ते देवालाच ठाऊक. माझ्याकडे सीलबंद बाटली असते, सरकारी माणूस येऊन तपासून जातो. मी दुकान चालवायला घेतल्यावर गिऱ्हाईक इकडे वळलं, म्हणून ती भट्टी बंद पडली. उद्या मी उठलो की ती परत लागेल. दुकान बंद म्हणजे दारू बंद, असं या बायकांना वाटतं. तसं असतं तर मीच आधी शटर ओढलं असतं."

 तो खोटे बोलत नव्हता. तिचे वडील भट्टीच्या दारूनेच गेले होते.

"आणि ताई, तू उभीला मत दे, असं मी कधीच म्हणणार नाही," दौलत पुढे म्हणाला. "तू फक्त येऊ नकोस. शुभ्राची शाळा आहे, तुझी नोकरी आहे. तिकडेच राहा."

फोन ठेवल्यावर प्रज्ञा माझ्यावर हात टेकून उभी राहिली. तिच्या तळव्यांचा भार मला अजून आठवतो. नियम दौलतलाही ठाऊक होता. येऊ नकोस म्हणताना तो मतच मागत होता, फक्त दुसऱ्या शब्दांत. आणि ज्याने आईला सांभाळले त्याला एवढेही देऊ नये का, हा प्रश्न तिला रोज सकाळ-संध्याकाळ छळू लागला.

तिने हलिमाला फोन करून सरळ विचारले, "दुकान बंद झालं आणि ओढ्यापलीकडे भट्टी लागली तर?"

"लागेल. मी नाही म्हणणार नाही," हलिमा म्हणाली. "पण भट्टीवर पोलीस बोलावता येतात. दौलतच्या दुकानावर कोणाला बोलावू? त्याच्याकडे परवाना आहे. आणि एक सांगू? गेलेल्या बाबांसाठी यायचं असेल तर येऊ नकोस. त्यांना आता काही फरक पडत नाही. आज जे इथे राहतायत त्यांचं बघायला यायचं असेल तर ये."

मग प्रज्ञाने आईला विचारले. ठकुबाई दौलतच्याच घरात राहत होती. तिचेही नाव यादीत होते.

"आई, तू काय करणार?"

"मत द्यायच्या जागेला आडोसा कशाला करतात गं?" ठकुबाईने उलट विचारले आणि मग शुभ्राचा खोकला बरा झाला का, ते विचारू लागली.

त्या संध्याकाळी प्रज्ञा नीलेशला म्हणाली, "मी जाते. शिक्का कशावर मारायचा ते इथे बसून नाही ठरवता येत मला. तिथे जाऊन, बघून ठरवीन."

नीलेशने मान हलवली. "मी सुट्टी टाकतो. शुभ्राचं बघतो. इन्शाल्ला मिळेल."

अशा रीतीने मी पुन्हा विमानात बसलो. निखळलेला पाय प्रज्ञाने रुमालात गुंडाळून माझ्याबरोबर ठेवला होता. गावी पोचल्यावर तिने मला मोहिद्दीन सुतारांकडे नेले. त्यांनी जुनी खाच साफ केली, पाय बसवला, आणि म्हणाले, "ही कड पण नीट गोल करून देऊ का?" प्रज्ञा नको म्हणाली. मला बरे वाटले.

दौलतने तिचे स्वागत नेहमीसारखेच केले. बाजारातून सुरमई आणली. मतदानाचा विषय त्याने काढला नाही आणि तिनेही काढला नाही. पण ती रोज तिठ्यावर जाऊन येत होती. काय पाहिले ते मला तिच्या आणि ठकुबाईच्या बोलण्यातून कळले, कारण संध्याकाळी त्या दोघी चुलीशी बसत आणि चपात्या माझ्यावरच होत.

"आज दौलतने एकाला दुकानातून परत पाठवला," ती आईला सांगत होती. "आधीच झिंगलेला होता. दौलतने त्याला हाताला धरून सावलीत बसवलं, पाणी दिलं. पोटच्या पोरासारखं केलं गं त्याचं. मी लांबून बघत होते. मला वाटलं, याच्या विरोधात मी कशी जाऊ?"

"मग?" ठकुबाईने विचारले.

"मग त्याची बायको आली त्याला न्यायला. ती कोणाशी बोलली नाही. रोजची सवय असल्यासारखी आली, त्याचा हात आपल्या खांद्यावर घेतला आणि निघाली. दौलतने तिला चप्पल उचलून दिली त्याची. आणि शाळा सुटल्यावर पोरी रस्त्याने आल्या नाहीत. शेताच्या बांधावरून, लांबच्या वाटेने गेल्या. एकीला विचारलं तर म्हणाली, आम्ही इकडूनच जातो. तिला त्यात काही वेगळं वाटतच नव्हतं, आई. शुभ्राएवढी होती."

ठकुबाई तव्यावरची चपाती उलटत होती. 

मतदानाच्या आदल्या संध्याकाळी दौलत दुकान लवकर बंद करून घरी आला. तो जेवायला बसला आणि प्रज्ञाने त्याच्या ताटात चपाती वाढली. मग ती तिथेच, माझ्याजवळ, खाली बसली.

"दौलत, मी उद्या आडव्या बाटलीवर शिक्का मारणार आहे."

दौलतचा घास हातातच राहिला.

"तू म्हणतोस ते सगळं खरं आहे," ती म्हणाली. "तू वाईट माणूस नाहीस, हेही मला माहीत आहे. पण तुझं दुकान चांगल्या माणसाच्या हातात आहे, म्हणून ते चांगलं होत नाही. तुला न सांगता मारला असता, तर कोणालाही कळलं नसतं. पण मग मला तुझ्या तोंडाकडे बघता आलं नसतं."

"आता येईल बघता?" दौलतने विचारले.

"येईल की नाही ते तुझ्यावर आहे."

त्याने हातातला घास ताटात ठेवला, उठला आणि हात धुतला. दाराशी थांबून त्याने आईकडे पाहिले. ठकुबाईने त्याच्याकडे पाहिले नाही आणि लेकीकडेही पाहिले नाही. ती चुलीतले लाकूड मागे ओढत होती.

दुसऱ्या दिवशी माय-लेकी एकत्रच मतदानाला शाळेत गेल्या. तिथे काय झाले ते मी पाहिले नाही. परत आल्यावर प्रज्ञा एवढेच म्हणाली, "मला वाटलं होतं हात थरथरेल. नाही थरथरला." ठकुबाईने आपण काय केले ते तेव्हाही सांगितले नाही आणि आजवर सांगितलेले नाही. हलिमाने एकदा आडून विचारले, तर म्हणाली, "कागदाची घडी घातली, तशी तोंडाचीही घातली."

मोजणी त्याच दिवशी झाली. आडवी बाटली जिंकली, पण अगदी थोडक्यात. मुंबईहून काही बायका रात्रभराचा प्रवास करून आल्या होत्या. त्या आल्या नसत्या तर निकाल उलटा लागला असता. गावात फटाके वाजले. आमच्या घरात कोणी दिवा लावायला उठले नाही.

प्रज्ञाचे परतीचे विमान चार दिवसांनी होते. सासरच्या वाडीत जाऊन राहा, असे तिला दोघा-तिघांनी सुचवले. ती गेली नाही. ती उठली, कणीक मळली आणि मला समोर घेऊन चपात्या लाटल्या. ताट वाढून ती पडवीत गेली. दौलत तिथे बाकावर बसला होता. मधले दार उघडे होते, म्हणून मला ऐकू आले.

"गावातल्या बायकांनी पाडलं, त्याचं काही नाही," तो म्हणाला. "त्यांना रोज बघायला लागतं. पण तू विमानाने आलीस, ताई."

"हो," प्रज्ञा म्हणाली. "आले."

तिने बाजू मांडली नाही, त्याच्या मागच्या उपकारांचा विषयही काढला नाही, रडली नाही. ताट त्याच्याजवळ ठेवून ती आत आली. बऱ्याच वेळाने ठकुबाई ताट उचलायला गेली. भाजी तशीच होती. चपात्या संपल्या होत्या.

मित्रांनो, यानंतर सगळे छान झाले, असे मी सांगितले तर ते खोटे होईल. पावसाळा संपता संपता ओढ्यापलीकडे भट्टी लागली, दौलत म्हणाला होता तशीच. हलिमा आणि इतर बायकांनी पोलिसांना बोलावून ती फोडली. ती पुन्हा लागली, पुन्हा फोडली. हे अजून चालूच आहे. पण तिठ्यावरचे शटर बंद आहे आणि मुली आता सरळ रस्त्याने शाळेत जातात. दौलत काही दिवस घरात बसून होता. मग तालुक्याच्या गावी पेट्रोल पंपावर कामाला लागला. पहाटे निघतो आणि दिवेलागणीला येतो. प्रज्ञाशी तो बोलत नव्हता. ती रोज फोन करायची. फोन आई घ्यायची. मागे दौलतच्या चपलांचा आवाज यायचा आणि दूर जायचा. प्रज्ञा दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन करायची. नीलेशने एकदा विचारले, "किती दिवस असं?" ती म्हणाली, "जितके दिवस लागतील तितके. शिक्का मी मारलाय, तर फोनही मीच करायला हवा."

असे जवळजवळ वर्ष गेले. मागच्या आठवड्यात ती लाटत होती आणि स्पीकरवर ठकुबाई बोलत होती. मागून चपलांचा आवाज आला. यावेळी तो थांबला.

"आई," दौलतचा आवाज आला, "शुभ्राची सुट्टी कधी लागते, विचार तिला."

ठकुबाई म्हणाली, "दौलत विचारतोय, शुभ्राची सुट्टी कधी लागते?"

"जुलैत," प्रज्ञा म्हणाली.  "त्याला सांग, जुलैत लागते."

"जुलैत लागते म्हणे," ठकुबाईने सांगितले.

शुभ्रा टेबलावरून मान वर करून बघत होती. प्रज्ञाने तिला खुणेने जवळ बोलावले आणि पिठाच्या हातांनीच फोन तिच्यापुढे सरकवला.

मित्रांनो, आज ना उद्या तुमच्याही हातात असा एखादा कागद येईल. त्यावर दोन चित्रे असतील आणि दोन्हींच्या मागे माणसे उभी असतील. तेव्हा दोन्हीकडचे ऐका, जमले तर जाऊन डोळ्यांनी पाहा, आणि आपण दूर राहतो म्हणून या प्रश्नातून सुटलो, असे मानू नका. पटेल तिथे शिक्का मारा. आणि ज्याच्या भाकरीवर तो शिक्का पडला असेल, त्याच्या दारी जाणे मात्र सोडू नका. तो ओळख देईपर्यंत जात राहा.